चेंज रिपोर्ट अडलाय, कायदाही बदलायला हवा. सुरुवात कुठून करायची?

पत्राचा सारांश

शहादा तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेच्या सचिव लिहितात: आमची संस्था अठरा वर्षांची आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर मुलींचं शिक्षण आणि वनहक्क दावे अशी दोन कामं आहेत. कार्यकारिणी नऊ जणांची, पगारी माणसं सहा. तीन वर्षांपूर्वी निवडणूक होऊन नवे विश्वस्त आले. त्यांची नावं नोंदवण्याचा फेरफार अर्ज (चेंज रिपोर्ट) धर्मादाय कार्यालयात अजून पडून आहे. जुने खजिनदार वारले, बँक नव्या सह्या घेत नाही. मंजूर झालेला सीएसआर निधी (कंपन्यांकडून सामाजिक कामासाठी मिळणारा पैसा) त्यामुळे अडला. पूर्वी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेकडून परदेशी देणगीतला वाटा यायचा, तोही परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं थांबला. आता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पंचवीसेक संस्था मिळून चौदा मागण्यांचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहेत, पुढे मोर्चाचाही विचार आहे. आमचे अध्यक्ष ज्येष्ठ आहेत. ते म्हणतात, "त्या भानगडमा आपले पडानं नही." आम्हांला शासनाचं अनुदान आहे, उगाच डोळ्यावर यायला नको, असं त्यांना वाटतं. मी सही करावी का? कायद्याबद्दल बोललो तर नोंदणी धोक्यात येईल का? आणि आमच्याकडे इंग्रजीत लिहिणारं कुणी नाही, मग आमचं ऐकणार कोण?

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सही करावी की नाही असं तुम्ही विचारलंय, पण त्याआधी ते निवेदन काय म्हणतंय आणि कुणाला म्हणतंय हे बघायला हवं. चौदा मागण्यांपैकी किती मागण्यांवर जिल्हाधिकारी काही करू शकतात? बहुधा एकाही नाही. धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा विधी व न्याय विभागाच्या अखत्यारीत आहे, परदेशी देणगीचा कायदा केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे, आयकर वित्त मंत्रालयाकडे, सीएसआर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे. जिल्हाधिकारी कार्यालय तुमचं निवेदन घेईल, आवक शिक्का मारेल आणि "उचित कार्यवाहीसाठी" पुढे पाठवेल. चौदा मागण्यांचा एकच कागद चार विभागांत जाणार म्हटल्यावर त्याला कोणताच विभाग आपला मानत नाही. पंचवीस संस्थांनी एकत्र यायची तयारी दाखवली आहे, ती अशी वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्या अडचणींना तुम्ही "कायद्याचा त्रास" म्हटलंय. त्यातला प्रत्येक त्रास नेमका कुठल्या पायरीवर बसलाय ते वेगळं करा. काही अडचणी कायद्याच्या कलमात असतात, काही नियमांत, काही परिपत्रकात किंवा परिपत्रक नसण्यात, आणि बऱ्याचशा कार्यालयाच्या रोजच्या वहिवाटीत. वहिवाटीसाठी विधानसभेत जायची गरज नसते, आणि कलमासाठी स्थानिक अधिकाऱ्याशी भांडून उपयोग नसतो.

तुमचा फेरफार अर्ज, ज्याला सगळेच चेंज रिपोर्ट म्हणतात, तोच आधी घेऊ. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांतला बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचा असतो. २०१७ च्या दुरुस्तीनं त्यात एक चांगली सोय आली. विश्वस्तांच्या नावांतला बदल असेल तर उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त कामकाजाच्या १५ दिवसांत त्याला तात्पुरती स्वीकृती देऊ शकतात आणि ३० दिवसांची नोटीस काढून हरकती मागवू शकतात. हरकत आली नाही तर तोच आदेश अंतिम होतो. म्हणजे तुमच्यासारख्या बिनवादाच्या बदलासाठी वाट कायद्यात आहे. मग तीन वर्षं का लागली?

कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. पहिलं आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे साखळी. संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) कार्यकारिणीची तीन वर्षांची मुदत धरली तर अठरा वर्षांत पाच-सहा निवडणुका झाल्या. मधल्या एखाद्या निवडणुकीचा चेंज रिपोर्ट दाखलच झाला नसेल, किंवा दाखल होऊन कुणी तारखेला न गेल्यानं पडून असेल, तर पुढचे सगळे अर्ज त्याच्यामागे थांबतात. परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या अधिकृत नोंदीवर, ज्यांची नावं आहेत त्यांनी सभा बोलावली नाही, मग नवे विश्वस्त आले कुठून, असा प्रश्न कार्यालयाला पडतो आणि तो रास्त आहे. दुसरं कारण, ९० दिवस उलटून अर्ज केला पण सोबत विलंब माफीचा अर्ज जोडला नाही. तिसरं, सभेची नोटीस सगळ्या सभासदांना घटनेत दिलेल्या मुदतीत पोहोचल्याचा पुरावा नाही. नोंदवहीत सह्या आहेत पण नोटीस कुणाला कधी दिली याचा कागद नाही. चौथं, मावळत्या विश्वस्तांची संमती, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. तुमच्या बाबतीत खजिनदारांचा मृत्यू हा निवडणुकीहून वेगळा बदल आहे. तो वेगळा कळवला होता का, तपासा.

म्हणून ताई, पहिलं काम हे. सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून परिशिष्ट एकचा सही-शिक्क्याचा उतारा काढा. त्यावर शेवटची मंजूर नावं कोणती ते बघा. मग एका मोठ्या कागदावर त्या दिवसापासून आजपर्यंतच्या निवडणुका, निधनं, राजीनामे तारखेनुसार ओळीनं लिहा, आणि प्रत्येकासमोर चेंज रिपोर्टचा क्रमांक, दाखल तारीख, सद्यस्थिती. जिथे रकाना रिकामा दिसेल तिथे साखळी तुटलीय. प्रलंबित अर्जांच्या रोजनाम्याची (तारखेनुसार कामकाजाच्या नोंदीची) नक्कल मागा. शेवटची तारीख कशासाठी पडली होती ते त्यात कळतं. तुटलेला दुवा विलंब माफीच्या अर्जासह दाखल करा, मग सगळे अर्ज एकत्र चालवावेत असा अर्ज द्या, आणि कलम २२ मधल्या तात्पुरत्या स्वीकृतीची विनंती स्पष्ट शब्दांत लिहा. न मागता ती क्वचितच मिळते. आदेश हाती आला की बँकेला लेखी द्या. बँक नाही म्हणाली तर नकारही लेखी मागा. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नव्या खात्याचा ठराव करताना "तिघांपैकी कोणतेही दोन" असा करा. एका खजिनदाराच्या सहीवर अख्खी संस्था अडावी ही वेळ पुन्हा यायला नको.

हे सगळं तुमच्या एका संस्थेपुरतं झालं. पण इथेच पंचवीस संस्थांच्या एकत्र येण्याला खरा अर्थ आहे. हीच साखळीची अडचण त्यांतल्या किती जणांची आहे हे आज कुणालाच माहीत नाही. "खूप संस्थांना त्रास होतो" या वाक्यानं कुठल्याही टेबलावर काही हलत नाही. "पंचवीसपैकी इतक्या संस्थांचे अर्ज दोन वर्षांहून जास्त प्रलंबित, त्यांतल्या इतक्यांवर एकही हरकत नाही, आणि त्यामुळे इतक्या रुपयांचा मंजूर निधी अडला" या वाक्यानं हलतं. एक पानाचा फॉर्म करा, आठच प्रश्न: नोंदणीचं वर्ष, शेवटचा मंजूर बदल कधीचा, प्रलंबित अर्ज किती, सर्वांत जुना कधीचा, हरकत आली का, त्रुटी एकदम कळवल्या की तुकड्या-तुकड्यांनी, बँक खातं अडलंय का, निधी किती अडला. नावाऐवजी क्रमांक टाका. नाव-क्रमांकाची यादी एकाच विश्वासू माणसाकडे ठेवा. तुमच्या अध्यक्षांच्या भीतीला निम्मं उत्तर इथेच मिळतं.

जोडीला माहिती अधिकार. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी वेगवेगळा अर्ज, प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे भाषण नको. एवढंच लिहा: "कलम २२ खाली दाखल होऊन ३१ मार्च अखेर प्रलंबित असलेल्या फेरफार अर्जांची दाखल वर्षनिहाय संख्या, आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत दिलेल्या तात्पुरत्या स्वीकृतीच्या आदेशांची वर्षनिहाय संख्या." मंजूर पदं आणि रिक्त पदं हा वेगळा विषय होतो, त्याचा दुसरा अर्ज करा. तो टाळू नका. दिरंगाईमागे कर्मचाऱ्यांची टंचाई असेल तर तसं म्हणणं न्यायाचं आहे, आणि मग कार्यालयातली माणसंही तुमच्या मागणीला विरोध करणार नाहीत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप.

आता हे आकडे घेऊन कुठे जायचं?

आधी सहायक धर्मादाय आयुक्त, मग नाशिकचे सहधर्मादाय आयुक्त, मग मुंबईत धर्मादाय आयुक्त. त्यांच्याकडे मागायच्या गोष्टी कायदा न बदलता होणाऱ्या असाव्यात: सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात, बिनहरकत अर्जांसाठी महिन्यातला एक दिवस राखून ठेवावा, जोडायच्या कागदांची मराठी यादी दर्शनी भागात लावावी, अक्कलकुवा-धडगावसारख्या दूरच्या तालुक्यांसाठी वर्षातून दोनदा तालुक्याच्या गावी शिबिर घ्यावं. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरून नंदुरबारला तारखेला यायचं तर माणसाचा दिवस आणि रोज दोन्ही जातात, आणि तारीख पडली नाही तर तेच पुन्हा. सह्यांसाठी नऊ विश्वस्त आणायचे असतील तर विचारूच नका. ही गोष्ट मुंबईत बसून दिसत नाही, ती तुम्हीच लिहायला हवी.

त्यापुढची पायरी राज्याच्या कायद्याची. तिथे चौदा नको, दोनच मागण्या न्या. माझ्या मते खान्देशातल्या छोट्या संस्थांसाठी या दोन सर्वांत मोलाच्या आहेत.

एक, कलम २२ मधली तात्पुरती स्वीकृती आयुक्त "देऊ शकतात" अशी आहे, म्हणजे ऐच्छिक. बिनहरकत अर्जात ती मुदतीत देणं बंधनकारक करावं, आणि तसा आदेश झालेले विश्वस्त अंतिम निर्णयापर्यंत बँक खातं चालवायला पात्र समजले जातील असं एक वाक्य त्याच कलमात जोडावं.

दोन, दुहेरी नोंदणी. तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही आहे आणि १९५० च्या कायद्याखालीही, कारण धर्मादाय हेतूनं स्थापन झालेली सोसायटी ही सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येतच बसवलेली आहे. म्हणून १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी द्यायची, आणि तीच नावं पुन्हा कलम २२ च्या अर्जात, वेगळ्या नमुन्यात, वेगळ्या मुदतीत. एक माहिती एकदाच द्यावी आणि तिची नोंद दोन्ही नोंदवह्यांत व्हावी, ही मागणी कुणाच्याही विचारसरणीच्या आड येत नाही. हे राज्याला करता येतं का? येतं. सोसायट्यांचा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीच्या ३२ क्रमांकावर आहे, आणि धर्मादाय संस्थांचा समवर्ती सूचीत.

मागणीचा कागद दोन पानांपेक्षा मोठा करू नका. चार रकाने आखा: कलम, आजचा मजकूर काय म्हणतो, त्यानं काय अडतं (तुमच्या आकड्यासह), आणि बदललेला मजकूर कसा असावा. चौथा रकाना बहुतेक निवेदनांत नसतो. "प्रक्रिया सुलभ करावी" हे वाचून विधी विभागातल्या अधिकाऱ्यानं नेमकं काय करायचं? त्याच्या हातात वाक्य द्या. ते जसंच्या तसं घेतलं जाणार नाही, पण चर्चा त्या वाक्यावर होईल.

शब्दांवर काम केलं तर फरक पडतो का, हे महाराष्ट्रात अलीकडेच दिसलं. कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठी आणलेलं विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं १ एप्रिल २०२५ पर्यंत लोकांकडून सूचना मागवल्या आणि १२ हजारांहून अधिक आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं, पण त्याआधी कायदा कुणाला लागू होतो याची शब्दरचना, सल्लागार मंडळाची रचना आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा यांत बदल झाले. ज्यांना ते विधेयक मुळातच नको होतं त्यांचं समाधान अर्थातच झालं नाही, आणि ती नाराजी मी कमी लेखत नाही. तरी सूचना पाठवणं निरर्थक असतं असं मात्र म्हणता येत नाही. दुसरं उदाहरण तुमच्या थेट उपयोगाचं. आयकराची १२एबी नोंदणी, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळण्यासाठीची नोंदणी, दर पाच वर्षांनी नव्यानं करण्याचा जाच छोट्या संस्थांना होत होता. २०२५ च्या वित्त कायद्यानं, आधीच्या दोन्ही वर्षांत ज्यांचं एकूण उत्पन्न ५ कोटींच्या आत आहे अशा संस्थांसाठी ही मुदत दहा वर्षं केली, आणि लहान संस्थांवरचं ओझं हेच कारण सरकारनं त्यासाठी दिलं. तुमची नोंदणी कधी संपते आणि पुढची किती वर्षांची मिळेल हे तुमच्या सीएला आत्ताच विचारून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्यानं कलमांचे आकडे बदलतात. जुन्या फाइलीतला अर्ज उतरवून काढू नका.

विधिमंडळात विषय नेण्यासाठी आमदार लागतो. खान्देशात विधानसभेच्या २० जागा आहेत: जळगावच्या ११, धुळ्याच्या ५, नंदुरबारच्या ४. शिवाय विधान परिषदेत नाशिक विभागाचे पदवीधर आणि शिक्षक प्रतिनिधी. शिक्षण संस्था चालवणाऱ्यांचं दुखणं त्यांना लवकर कळतं. एकाच पक्षाच्या आमदाराकडे जाऊ नका. सत्ताधारी आणि विरोधी दोघांना तोच कागद, त्याच आठवड्यात द्या, आणि दोघांनाही सांगा की दुसऱ्यालाही दिला आहे. भाषण न देता तयार तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा द्या: तिन्ही जिल्ह्यांत किती अर्ज प्रलंबित, दोन वर्षांवरचे किती, तात्पुरत्या स्वीकृतीचे आदेश किती, रिक्त पदं किती, शासन काय करणार. अधिवेशनं ठरलेली असतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरच्या सुमारास नागपूरला. प्रश्नांच्या सूचना आधी द्याव्या लागतात, म्हणून दिवाळी उरकून कागद करायला बसलात तर हिवाळी अधिवेशन हातचं जातं. गणपतीच्या आधी आकडे तयार हवेत.

परदेशी देणगीच्या वाट्याचं काय, तर ताई, इथे मी तुम्हांला खोटी आशा दाखवणार नाही. २९ सप्टेंबर २०२० पासून एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आहे. २०२० च्या दुरुस्तीला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये फेटाळलं. आता बदल व्हायचा तर संसदेतच. परदेशी देणगी थेट घेण्यासाठी स्वतःची नोंदणी घ्यायची तर संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामांवर किमान १५ लाख खर्च झालेला लागतो; सहा पगारी माणसं असलेल्या संस्थेला हे जमण्यासारखं आहे, हिशेब करून बघा. मात्र नोंदणी मिळाली की दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतलं खातं आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंतचं विवरणपत्र हे कायमचं काम मागे लागतं. ते सांभाळणारं माणूस असेल तरच घ्या. मोठ्या संस्थेनं "सेवा शुल्क" म्हणून पैसे पाठवायची तयारी दाखवली तर जाणकाराच्या लेखी सल्ल्याशिवाय हो म्हणू नका. नाव बदललं म्हणून हस्तांतरण हस्तांतरण राहत नाही असं नाही. त्यांनी पाड्यावर थेट स्वतःची माणसं नेमून, स्वतःच्या खात्यातून काम करणं हाच सरळ मार्ग दिसतो, भले तुमच्या संस्थेचं नाव त्यावर नसेल. संसदेसाठी तुमच्याकडून एकच गोष्ट हवी: २०२० आधी किती पाडे, किती मुली, आणि नंतर किती, असा एक पानाचा खरा हिशेब. खान्देशातल्या चारही खासदारांना तो द्या आणि पुढे जा. वर्षाची सगळी शक्ती इथे घालू नका.

नोंदणी धोक्यात येईल का, या प्रश्नाकडे येते. आपल्या उद्दिष्टांशी संबंधित कायद्यात सुधारणा सुचवणं आणि पक्षीय राजकारण करणं या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत वेगळ्या आहेत. परदेशी देणगीच्या कडक कायद्यातही, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं की सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेनं लोकहितासाठी बंद, हरताळ अशा मार्गांना पाठिंबा दिला, एवढ्यावरून ती राजकीय स्वरूपाची ठरत नाही. तरी काळजीची शिस्त पाळा. कार्यकारिणीत ठराव करा आणि त्यात घटनेतल्या कोणत्या उद्दिष्टासाठी हे करतोय तो कलम क्रमांक लिहा. खर्च अनुदानातून किंवा सीएसआरमधून न करता सभासद वर्गणीतून करा आणि वेगळ्या खात्यावर लिहा. आचारसंहितेच्या काळात बैठक नको, उमेदवारासोबत फोटो नको. आणि आपली बाजू आधी स्वच्छ करा: लेखापरीक्षण वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, ८०जीच्या (देणगीदाराला करसवलत मिळणाऱ्या) देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत. ते उशिरा गेलं तर रोज २०० रुपये शुल्क चढतं. बोलणाऱ्या संस्थेची फाइल आधी उघडली जाते, हे गृहीत धरूनच बोलावं.

म्हणून अध्यक्षांच्या म्हणण्याला भित्रेपणा समजू नका. अनुदान अडलं तर सहा घरांच्या चुली अडतात, हे त्यांना तुमच्याइतकंच कळतं. पण "पडायचं की नाही" असा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवलात तर उत्तर नाहीच येणार. त्यांना तीन पर्याय द्या. संस्थेच्या नावानं सही करायची. नुसते आकडे क्रमांकाआड द्यायचे आणि सही करायची नाही. किंवा संस्था बाजूला राहून तुम्ही नागरिक म्हणून सूचना पाठवायची, कारण हरकती आणि सूचना कोणीही देऊ शकतं. तुमच्या उत्पन्नातला अर्ध्याहून जास्त वाटा एकाच शासकीय अनुदानाचा असेल तर मी पहिल्या वर्षी दुसरा पर्याय घ्या म्हणेन. ज्यांचा आधार वर्गणी आणि देणग्यांवर आहे अशा चार-पाच जुन्या संस्था पुढे राहू देत. पंचवीस जणांच्या या गटाची नवी नोंदणी करायची घाई करू नका, आणि नोंदणी नसताना गटाच्या नावानं पैसे गोळा करू नका.

मोर्चा? माझं मत आहे की आत्ता नको. मोर्चाला माझा तात्त्विक विरोध नाही. पण ज्या मागणीचा मजकूर अजून लिहिलेला नाही तिच्यासाठी लोकांना पाड्यांवरून उन्हात आणायचं आणि परत पाठवायचं, हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे. कार्यालय, नाशिक, मुंबई आणि एक अधिवेशन एवढं करूनही काही हललं नाही तर तेव्हा पुन्हा बोलू.

राहिली भाषा. धर्मादाय कार्यालय, विधी व न्याय विभाग आणि विधिमंडळ, तिघांचंही कामकाज मराठीत चालतं. इंग्रजी येत नाही ही इथे उणीव नाहीच. शासनाच्या मराठी प्रतीतूनच कलमांचे शब्द घ्या, म्हणजे भाषांतराचा वाद उरत नाही. दिल्लीला जाणारं ते एक पान तेवढं गटातल्या कुणाकडून हिंदीत करून घ्या. पाड्यावरच्या सभेत लोक पावरीत, भिलोरीत, अहिराणीत बोलतील. तारखेला कुणाचा किती रोज बुडाला, गाडीभाडं किती गेलं, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या आणि तिसऱ्या रकान्यात घाला. आणि प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. पुढच्या अधिवेशनात मंत्र्यांनी "असं निवेदन प्राप्त नाही" असं उत्तर दिलं तर तोच शिक्का कामाला येईल.